‘सुचत नाही’ म्हणणारी डिझायनर: गुळाच्या खोक्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातला एक लहान डिझाइन स्टुडिओ. मालक, दोन अनुभवी डिझायनर, एक डीटीपी ऑपरेटर आणि उपयोजित कलेची पदवी घेऊन वर्षभरापूर्वी रुजू झालेली एक मुलगी. मी या स्टुडिओत अक्षररचनेच्या कामासाठी अधूनमधून जातो, त्यामुळे हे प्रकरण जवळून पाहता आलं. ओळख पटू नये म्हणून कंपनीचं नाव, गाव आणि उत्पादनाचे काही तपशील दिलेले नाहीत. डिझाइनचे निर्णय जसे घेतले गेले तसे मांडले आहेत.

कॉलेजात या मुलीचं काम चांगलं होतं. तिच्या पोर्टफोलिओत हाताने काढलेली अक्षरं होती, लिनोकट होते, एसटी स्टँडवरच्या माणसांची स्केचेस होती. स्टुडिओत आल्यावर मात्र वाट्याला आल्या लग्नपत्रिका, दवाखान्यांचे लोगो, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दसरा-दिवाळीच्या सोशल मीडिया पोस्ट. सकाळी मजकूर आला की दुपारी प्रूफ गेलं पाहिजे, अशी कामं. तिचा हात बसला, वेग आला. मालक खूश होते.

मग एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम आलं. सेंद्रिय गुळाचा एक किलोचा रवा, म्हणजे ढेप, ठेवायचा खोका आणि काकवीच्या, म्हणजे पातळ गुळाच्या, बाटलीचं लेबल. कंपनीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: पुण्या-मुंबईच्या दुकानात शोभलं पाहिजे आणि आपलं वाटलं पाहिजे. पहिला लॉट लहान होता, म्हणून छपाई दोन रंगांतच बसवायची होती. माल संक्रांतीच्या आधी दुकानात हवा होता. मालकांनी हे काम या मुलीकडे दिलं. एका अर्थी ती बढतीच होती.

कोल्हापुरात गुळाचं काम करणं सोपं वाटतं, पण नसतं. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तेव्हापासून इथल्या गुळाला बाजार आहे. आजही दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात. २०१४ मध्ये ‘कोल्हापूर गूळ’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे इथल्या प्रत्येकाला गुळाबद्दल मत असतं आणि गुळाचं वेष्टन कसं दिसावं याबद्दल त्याहून जास्त.

अडचण

तिने आठवडाभरात सहा-सात आराखडे केले. कागदावर सगळे नीटनेटके. फिकट बदामी पार्श्वभूमी, बारीक रेषेत काढलेला उसाचा कोंब, मधोमध रोमन लिपीत कंपनीचं नाव आणि त्याखाली, जागा उरली म्हणून ठेवल्यासारखं, देवनागरीत ‘गूळ’. आण्णांनी चष्मा वर करून एकेक प्रिंट पाहिली.

“पोरी, छान हाय गं. पण ह्यात गूळ कुठं हाय? ह्यात साबण घातला तरी चालतंय की.”

ते हसून म्हणाले, पण ती गप्प झाली. पुढचे दोन दिवस तिने काहीच केलं नाही. मालकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “सर, मला सुचतच नाहीये. कॉलेजात सुचायचं. आता बहुतेक संपलंय.”

हे वाक्य तरुण डिझायनरांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा लगेच विश्वास बसत नाही. तिचा मूडबोर्ड, म्हणजे कामाआधी जमवलेल्या संदर्भचित्रांचा फलक, मागवला. त्यात चाळीसेक चित्रं होती आणि सगळी वेष्टनांची: कॉफी, मध, चॉकलेट, साबण, मेणबत्त्या. बहुतेक पिंटरेस्ट आणि बिहान्सवरून घेतलेली. गुळाचं एकही चित्र नव्हतं. ‘ऑरगॅनिक जॅगरी पॅकेजिंग’ असं टाकून शोधलं की कोल्हापुरातल्या मुलीला जे दिसतं तेच बंगळुरूच्या आणि लिस्बनच्या डिझायनरलाही दिसतं. एका चित्रावर बोट ठेवलं की ते संकेतस्थळ तसलीच आणखी वीस पुढे करतं. ती तासन् तास बघत होती, पण मुळात एकाच वेष्टनाच्या चाळीस आवृत्त्या बघत होती.

दुसरं कारण स्टुडिओच्या पदरात टाकावं लागेल. वर्षभरात तिला असं एकही काम मिळालं नव्हतं ज्यात काही शोधून काढायला लागेल. मजकूर, फोटो, मापं सगळं बाहेरून येणार, तिने ते मांडायचं. मांडण्याची सवय लागलेल्या माणसाला अचानक ‘काहीतरी वेगळं कर’ म्हटलं, तर तो मांडण्यासाठी काहीतरी उसनं आणणारच.

तिसरं कारण अगदी साधं होतं. ती नाव आधी रोमनमध्ये बसवायची आणि मग देवनागरीला त्या चौकटीत कोंबायची. शिरोरेषेखाली लोंबणारा दीर्घ ऊकार, त्याच्या शेजारी ‘ळ’चे दोन गोल, या सगळ्याला वेगळी जागा लागते. ती दिलीच जात नव्हती.

कोणते पर्याय होते

मालकांचा पहिला कल काम वरिष्ठ डिझायनरकडे वळवण्याचा होता. तारीख पाळली गेली असती, आण्णाही बहुधा समाधानी झाले असते. पण वरिष्ठानेच नाही म्हटलं. त्याच्याकडे दोन कामं आधीच होती आणि त्याच्या मते आत्ता काम काढून घेतलं तर ती पुढचं वर्षभर फ्लेक्सच करत बसेल.

दुसरा पर्याय रात्रीतून आणखी तीन आराखडे. हा आमच्या धंद्यातला नेहमीचा उपाय, आणि बहुतेक वेळा वाया जाणारा. झरा तोच असेल तर बादल्या वाढवून काय होणार.

तिने स्वतः तिसरा मार्ग करून पाहिला होता: एआयकडून चित्रं बनवून घेणं. आलेला गूळ दिसायला सुरेख होता, पण चौकोनी, चकचकीत, चॉकलेटच्या वड्यांसारखा. बादलीतून पाडलेला रवा त्या यंत्राला माहीतच नव्हता. तिलाही तो नीट माहीत नव्हता, हे तिथे लक्षात आलं. कोल्हापूरची मुलगी, पण शहरातली. गुऱ्हाळात शाळेच्या सहलीला एकदा गेलेली.

ऑनलाइन कोर्सचा विषयही निघाला. कोर्स वाईट नसतात, पण तारीख तोंडावर असताना सर्जनशीलतेचा कोर्स लावणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं.

उरला गुऱ्हाळाचा पर्याय. हंगाम चालू होता, आण्णांचंच गुऱ्हाळ तासाभराच्या अंतरावर होतं. मालकांची हरकत होती ती पैशांची. कोटेशनमध्ये अशा फेरीचा खर्च धरलेला नव्हता. “डिझायनर तिथं जाऊन करणार काय? काकवी पिऊन येणार,” असं ते म्हणाले. शेवटी एका पूर्ण दिवसावर तडजोड झाली. अट एवढीच की परत येताना तिने कल्पना आणायची नाही, वस्तू आणि टिपणं आणायची. आधी स्केच, मग फोटो.

काय केलं

ती पहाटे पोहोचली तेव्हा पहिलं आधण, म्हणजे एका वेळी उकळायचा उसाचा रस, चुलवाणावर चढलं होतं. गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारे कारागीर, ज्यांना ती मामा म्हणायला लागली, साठीचे. सुरुवातीला त्यांना वाटलं टीव्हीवाली आलीय. ती कोपऱ्यात बसून काढतेय म्हटल्यावर त्यांनी लक्ष देणं सोडलं, आणि तेच बरं झालं.

तिच्या वहीतली टिपणं मी पाहिली आहेत. त्यातली बरीचशी रंगांची आहेत. चरकातून येणारा रस करडा-हिरवा. रानभेंडीचा चीक घातल्यावर वर येणारी मळी काळपट हिरवी. मळी काढली की उकळी पिवळी पडते, मग तांबूस, मग गडद. शेवटच्या टप्प्यात, साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास, मामा पाक पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी बघतात. तापमापक नाही. मग काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरते, पाक वाफ्यात, म्हणजे तो निववायच्या उथळ जागेत, ओतला जातो, घोटला जातो आणि ओल्या कापडाचं अस्तर लावलेल्या बादल्यांत भरला जातो.

हे कापड तिला फार महत्त्वाचं वाटलं. रवा निघतो तेव्हा त्याच्या अंगावर कापडाच्या घड्या आणि विणीचे ठसे उमटलेले असतात, प्रत्येक रव्यावर निराळे. तिने एकाच रव्याच्या चारही बाजू काढल्या आणि बादलीतलं वापरून जुनं झालेलं एक कापड मागून आणलं.

दुसरी गोष्ट तिने विचारली म्हणून कळली. हा गूळ इतका काळा का? मामा म्हणाले, “हायड्रॉस टाकला की पिवळा निघतोय, ताई. आमच्यात टाकत न्हाईत. म्हणून ह्यो असा.” हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, गुळाचा रंग उजळ करण्यासाठी वापरलं जाणारं रसायन. कंपनीच्या सगळ्या बोलण्यात ‘सेंद्रिय’ हा शब्द दहा वेळा आला होता, पण त्यामुळे माल गडद दिसतो आणि शहरातलं गिऱ्हाईक गडद गुळाला जुना समजतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मते कामाची खरी मागणी इथे सापडली, आणि ती ऑफिसातल्या बैठकीत सापडली नसती.

आता इथून गाडी सरळ सुटली असती तर प्रकरण लिहायची गरजच नव्हती. परत आल्यावर तिने जे केलं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. बैलगाडी, फेटेवाला शेतकरी, धूर सोडणारं गुऱ्हाळ आणि कडेने वारलीची नक्षी. गाव पाहून आलेला माणूस गावाचं प्रदर्शन भरवतो, तसंच हे. वारलीवर तर मी अडूनच बसलो. ती पालघरकडच्या आदिवासींची चित्रकला, लग्नाच्या चौकापासून सुरू होणारी. कोल्हापूरच्या गुळाशी तिचं नातं इतकंच की दोन्ही एकाच राज्यात आहेत. शिवाय त्या गुऱ्हाळात बैल नव्हताच, इंजिनावर चालणारा चरक होता. तिने स्वतःच्याच वहीकडे दुर्लक्ष केलं होतं.

दुसरा निर्णय तेव्हा झाला: चित्र अजिबात नको. फक्त अक्षर आणि कापडाचा ठसा. ती घाबरली, कारण आता लपायला जागा नव्हती.

अक्षरासाठी तिने बघायचं कुठे हेही ठरवून घेतलं. वेष्टनं बंद. त्याऐवजी जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती, ज्यांची शीर्षकं वर्षानुवर्षं कमल शेडगे करत. नाटकाचा स्वभाव नुसत्या अक्षरांच्या वळणात कसा उतरवतात हे शिकायला मराठीत त्याहून चांगली शाळा मला माहीत नाही. तिने ती शीर्षकं ट्रेसिंग पेपरवर गिरवली. गिरवणं हा शब्द कॉलेजात शिवीसारखा वापरला जातो, पण हाताला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. शिवाय शहरातल्या एका जुन्या बोर्ड-पेंटरकडे ती दोन संध्याकाळ बसली. त्यांनी तिला चपटा ब्रश धरायला शिकवलं आणि ‘ळ’ एका दमात काढायला लावला. तिचा ‘ळ’ तोपर्यंत दोन वर्तुळं जोडून झालेला असायचा.

‘गूळ’ असं शेवटी आलं: जाड शिरोरेषा, कापडाच्या काठासारखी किंचित वर-खाली; ‘ग’चा कणा खाली निमुळता; दीर्घ ऊकार आत वळवलेला, कारण सरळ सोडला तर तो वजनाच्या ओळीला धडकत होता. हे एकच अक्षररूप खोक्याच्या दर्शनी बाजूवर. बारीक मजकुराला मुक्ता हा फाँट, मुंबईच्या एक टाइपचा, मुक्त परवान्यात मिळणारा आणि लहान आकारातही वाचता येणारा. कंपनीने मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये दिला होता. तो बदलून घेताना ‘सेंद्रिय’ची वेलांटी भलतीकडे जाऊन बसत होती. सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, निवडल्यावर ती जागेवर आली. हे सगळ्यांना माहीत असतं असं आपण धरून चालतो, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रंगावरून खरा वाद झाला. आण्णांना पिवळा हवा होता. “गूळ म्हटला की पिवळा. पोराबाळांना इचारा.” तिने तोंडी उत्तर दिलं नाही. बाजारातून पिवळा रवा आणला, कंपनीचा गडद रवा त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही आळीपाळीने एका पिवळ्या खोक्यात घालून दाखवले. पिवळ्या खोक्यात गडद गूळ खरंच शिळा दिसत होता. आण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मग ह्येला कुठला रंग?”

उत्तर अर्धं कायद्याने दिलं. शाकाहारी खूण हिरवीच छापावी लागते, हिरव्या चौकटीत हिरवा गोल. दोन रंगांची छपाई म्हटल्यावर त्यातला एक हिरवा ठरून गेला. तपकिरी रंग विकत घ्यायची गरजच नव्हती, खोक्याचा पुठ्ठा, क्राफ्ट बोर्ड, मुळात तपकिरी असतो आणि गुळाच्या रंगाच्या जवळ जातो. दुसरा रंग पांढरा. इथे छापखान्याच्या मालकांनी मोलाची गोष्ट सांगितली: ऑफसेटची पांढरी शाई क्राफ्टवर उठत नाही, कागद खालून दिसत राहतो, स्क्रीन प्रिंटिंग करा. लॉट लहान असल्याने ते परवडलं. पण स्क्रीनच्या जाळीतून कापडाची बारीक वीण उतरेना, पहिल्या चाचणीत नुसता डाग आला. मग तिने विणीचा नाद सोडून फक्त घड्या ठेवल्या, ब्रशने जाड रेषांत पुन्हा काढलेल्या. मला विचाराल तर खोका तेव्हा सुधारला.

सादरीकरणाला मालकांना नेहमीप्रमाणे तीन पर्याय हवे होते. तिला एकच न्यायचा होता. दोन गेले, आणि दुसरा फारसा पाहिलाच गेला नाही.

निकाल

खोका संक्रांतीच्या आधी दुकानात पोहोचला, बाटलीचं लेबल उशिरा. खोक्याच्या बाजूला गडद रंगाचं कारण तीन ओळींत दिलं होतं. ‘हा जुना माल आहे का’ हा प्रश्न कमी झाला, असं आण्णांना दुकानदारांकडून कळलं. अक्षर लोकांच्या लक्षात राहिलं. कंपनीने तेच पुढे टेम्पोवर आणि दुकानाच्या बोर्डावर रंगवून घेतलं, बोर्ड त्याच जुन्या पेंटरने रंगवला.

सगळंच जमलं असं नाही. ‘गूळ’ ठळक दिसतो, पण कंपनीचं नाव हातभर अंतरावरून वाचता येत नाही. मग तोच गूळ पुन्हा मागायचा तर गिऱ्हाईक काय म्हणून मागणार? क्राफ्टवरचा गडद हिरवा दुकानाच्या उजेडात काळा भासतो, आणि जिथे त्याखाली पांढरा नाही तिथे तर फारच. काकवीच्या बाटलीचं लेबल साध्या कागदावर होतं. काकवी ओतली की बाटलीच्या अंगावरून ओघळ येतोच, आणि चार वेळा वापरल्यावर लेबल चिकट आणि डागाळलेलं दिसू लागलं. दुसऱ्या लॉटला लॅमिनेशन करावं लागलं. एक गोष्ट थोडक्यात वाचली: आराखड्यात मानांकनाचं चिन्ह टाकलेलं होतं. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि कंपनीची ती झालेली नव्हती. शेवटच्या प्रूफला डीटीपी ऑपरेटरने विचारलं म्हणून ते निघालं.

वेगळं काय करता आलं असतं

गुऱ्हाळाची फेरी पहिल्या आराखड्याआधी व्हायला हवी होती. आठवडा तर वाचला असताच, शिवाय ‘माझ्यातलं संपलं’ असं त्या मुलीला वाटायची वेळ आली नसती. स्टुडिओने आता कोटेशनमध्ये पाहणीचा एक दिवस वेगळा लावायला सुरुवात केली आहे. काही गिऱ्हाइकं तो कापायला सांगतात, तेव्हा मालक कापतातही.

ती माल बनतो तिथे गेली, विकला जातो तिथे गेली नाही. पुण्यातल्या एखाद्या दुकानाच्या फळीसमोर तासभर उभी राहिली असती तर नावाचा आकार आणि हिरव्याचा काळा होणं, दोन्ही आधीच दिसलं असतं. नमुन्याची बाटली घरी आठवडाभर वापरून बघणं तर फुकटच होतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते, आणि त्यावर स्टुडिओत एकमत नाही. खोक्यावरची कल्पना मामांच्या बादलीतल्या कापडातून आली, आणि अक्षराचं वळण त्या पेंटरच्या हातातून. पेंटरला पुढे बोर्डाचं काम मिळालं. मामांना एक खोका भेट मिळाला. मालक म्हणतात, मामा कंपनीचेच माणूस आहेत, त्यांचा प्रश्न येत नाही. माझं म्हणणं असं की तीन ओळींच्या त्या मजकुरात गुळव्याचं नाव घालायला चौथी ओळ पुरली असती, आणि विकणाऱ्यालाही त्याचा उपयोगच झाला असता.

त्यानंतर तिच्याकडे एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं काम आलं. तिथे ना काहील, ना कापड. ती एक सकाळ काउंटरच्या बाकावर बसून आली, भरणा-पावत्या आणि मळलेली पासबुकं घेऊन आली, आणि पासबुकाच्या रकान्यांवरून आतले तक्ते असे लावले की सभासदाला स्वतःचा लाभांश बोट न फिरवता सापडतो. मुखपृष्ठासाठी तिने केलेलं काम मात्र वापरलं गेलं नाही. तिथे अध्यक्षांचा फोटो हवा होता, तो छापला आहे.